राजेसाबांच्या हातचा हार

हौद गल्ली, सोलापूर
२० ऑक्टोबर १९७५

खातूनबी,

अक्कम्माचा नमस्कार. राजेसाबांना सांग, हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. जोडाक्षरं चुकली तर दोष मास्तरांचा, म्हणजे त्यांचाच. गाठी बांधायच्या रद्दीवर त्यांनी आपल्या दोघींना दुपारी शिकवलं, तेवढंच माझं शिक्षण. पुढचं मी वाचनालयातून ओढून आणलं.

तुम्हाला गल्ली सोडून चार वर्षं होत आली. तुमच्या घराची किल्ली माझ्या देवळीत आहे. दर अमावास्येला दार उघडून झाडून घेते. पत्रा एका ठिकाणी गळतो, बाकी ठीक आहे.

लिहायचं कारण असं. यंदा चंद्राने साथ दिली तर ताबुतांचा दहावा दिवस आणि आपली भोगी एकाच दिवशी येते, जानेवारीत. मी लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून असं कधी झालेलं नाही. सध्याचे दिवस तुला ठाऊक आहेत, चार माणसं जमवायची तरी पोलिसांचा कागद लागतो. आमच्या गुरुसिद्धप्पा भावजींना, म्हणजे यांच्या धाकट्या भावाला, चौकीवर बोलावलं होतं. साहेब म्हणाले, "तुमच्या गल्लीत एकदा दगड पडलेत. वेगवेगळ्या मिरवणुका मिळणार नाहीत. मिळून करा, नाहीतर घरी बसा." तेव्हापासून भावजी ऐक्य समितीचे अध्यक्ष आहेत. कुणी केलं ते विचारू नको. त्यांनीच.

ठरलंय ते असं. गल्लीची यात्रेची मानाची काठी आणि ताबूत हौदापाशी भेटवायचे. मी म्हटलं, भेट घालायची तर जुन्या पद्धतीनं घाला. ताबूत आमच्या दारात आला की आमच्या घरातून खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी, आणि काठी तुमच्या दारात आली की तिला राजेसाबांच्या हातचा साखरेच्या गाठींचा हार. यात्रेतल्या मोठ्या काठ्यांपुढे आपली काठी म्हणजे काडीच, पण तो हार बांधल्याशिवाय ती पुढे गेलेली मी पाहिली नाही. तुम्ही गेल्यापासून ती निघालेलीच नाही.

त्या दिवसाचं मी उगाळत बसत नाही. शिवरात्रीच्या मांडवाची तार कुणी काढली नव्हती, ताबुताचा शेंडा तिला अडकला, आणि तेवढ्यावरून तुमचं दुकान फुटलं. गाठींचे साचे पोरांनी हौदात फेकले. दुसऱ्या दिवशी हे धोतर खोचून हौदात उतरले आणि सगळे साचे काढले, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. लाकूड फुगलं होतं. सावलीत वाळवले. माळ्यावर आहेत.

तुम्ही दोघं या. एवढंच.

अक्कम्मा

*

वेळापूर
२ नोव्हेंबर १९७५

अक्का, सलाम.

तुझं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खाटेवर पडले होते, उठून बसले. म्हणाले, "अक्कम्मानं 'अध्यक्ष' बरोबर लिहिलंय का बघ." मी कागद डोळ्यांपुढे धरला. हसले, आणि मग खोकला आला तो थांबेना. भट्टीचा धूर जन्मभर खाल्लाय, तो आता हिशेब मागतो.

इथे साखरेचं काम नाही. आमच्या पोराच्या, चांदसाबच्या, सायकल दुकानात बसतात. पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघतात, आणि दिवस जातो. साचे बुडाले, सडले, असं धरून चाललो होतो. आमच्या घरात कुणी साच्यांचं नावही काढत नव्हतं. भाऊंनी हौदात उतरून ते काढले हे ऐकलं तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. मग लहान पोरासारखे मागे लागले, साचे मागव, साचे मागव.

तेव्हा साचे पाठव. येतो म्हणतात. त्यांची एकच अट आहे. स्टेजवर चढणार नाहीत. "मी हार बांधणारा माणूस, हार घालून घेणारा न्हाय," असं तुझ्या अध्यक्षांना सांग.

दहाव्याच्या गोड चोंग्या मी लाटीन, गूळ नेहमीप्रमाणे तुझ्या घरचा. आणि पाणी कोण ओतणार? भाऊ नाहीत म्हणून तुला मागे तर नाही ना ठेवणार?

तुझी,
खातूनबी

*

सोलापूर
१० नोव्हेंबर १९७५

खातूनबी,

साचे गल्लीतल्या शिवप्पाबरोबर पाठवते आहे. तो आता एसटीत कंडक्टर आहे, त्याची गाडी वेळापुरावरून जाते. जुन्या लुगड्यात बांधलेत. मोठ्या पदकाच्या साच्याला एक चीर गेली आहे, राजेसाब बघतील.

तू नेमकं विचारलंस. भावजी परवा म्हणाले, "वहिनी, पाणी रत्नम्मा ओतंल. तुमी जरा मागं राहा. फोटोवाला येणार हाय." रत्नम्मा म्हणजे त्यांची बायको. मी म्हटलं, "आपल्यात विधवेला अपशकुनी मानत नाहीत, असं मठात दर सोमवारी ऐकता की." म्हणाले, "ते व्हय, पर लोक काय म्हनतील?" मठातलं मठात राहतं आणि मी मागे राहते. असं चाललंय.

हे गेले तेव्हा तू आली होतीस. गल्ली सोडून तुला वर्षही झालं नव्हतं, इथे यायची भीतीही होती. तरी आलीस, माझ्या शेजारी बसलीस, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. बाकीच्या बायका इतकं बोलल्या, त्यातलं आता मला काही आठवत नाही. तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता, ते आठवतं.

तुम्ही आलात की गल्ली परत गल्लीसारखी होईल असं मला वाटतं. ऐक्य समितीने नाही. तुमचं दार उघडं दिसलं की होईल. शेजारची सावित्रम्मासुद्धा परवा म्हणाली, "खातूनबी आली तर मी काय तोंड दाखवू?" म्हटलं, आहे तेच दाखव.

उत्तर लवकर पाठव.

अक्कम्मा

*

वेळापूर
१२ डिसेंबर १९७५

अक्का, सलाम.

उत्तराला महिना झाला, राग मानू नको.

साचे पोचले. हार तयार आहे. चांद घेऊन येईल आणि तोच बांधेल. यांचं येणं होणार नाही. माझंही नाही. मला सध्या घराबाहेर पडता येत नाही. कारण विचारू नको, आणि गल्लीत याची चर्चा करू नको. काठीला हार लागू दे, मग सगळं लिहीन.

पाणी तूच ओत.

खातूनबी

*

सोलापूर
२० डिसेंबर १९७५

खातूनबी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चारही वेळा तेवढंच निघालं.

दोन नोव्हेंबरला येतो म्हणालात. मग काय झालं? कुणी काही सांगितलं का? सावित्रम्माचं बोलणं मी थट्टेत लिहिलं होतं. की चांदसाब नको म्हणतो? बापाचं दुकान त्याच्या डोळ्यांदेखत फुटलं, तो नको म्हणाला तर मी समजू शकते. पण तसं लिही की. बाहेर पडता येत नाही म्हणजे काय? गुडघे धरले असतील तर शिवप्पा पुढची जागा देईल, हौदापर्यंत टांगा करू.

इकडे मला रोज तोंड द्यावं लागतं. काल समिती आमच्याच ओसरीवर बसली होती. भावजी म्हणाले, "राजेसाब येतो का न्हाय ते पक्कं सांगा. पत्रिकेत नाव घालायचंय." मी म्हटलं, हार येतोय, चांदसाब बांधेल. त्यावर एकजण म्हणाला, "त्यो पोरगा? त्यादिवशी त्याच्या हातात बी दगड हुता की." दुसरा म्हणाला, "तुज्या हातात काय फुलं हुती व्हय रं?" सगळे हसले, पण प्रश्न तिथेच राहिला. राजेसाबांना कुणी नाही म्हणत नाही. त्यांच्या गाठी या गल्लीतल्या प्रत्येकाने खाल्ल्या आहेत. चांदसाबचं तसं नाही. म्हणून राजेसाबच हवेत.

दोन तारखेला मी शिवप्पाच्या गाडीने तुमच्याकडे येते. समोरासमोर बोलू.

अक्कम्मा

*

वेळापूर
२८ डिसेंबर १९७५

अक्का,

येऊ नको. तुझ्या पाया पडते, आत्ता येऊ नको.

हार येईल.

खातूनबी

*

सोलापूर
५ जानेवारी १९७६

खातूनबी,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे आले नाही. पिशवी भरली होती, ती परत रिकामी केली.

परवा चंद्र दिसला. ताबूत तेरा तारखेलाच, भोगीच्या दिवशी. सगळी गल्ली गच्चीवर चढून बघत होती, आमचे लोकही. सावित्रम्माला पहिल्यांदा दिसला. ओरडली, "ते बगा, ते बगा!" चार वर्षांत या गल्लीत असं कुणी ओरडलं नव्हतं. तेव्हा मला तुझी आठवण आली आणि मग राग आला.

मी तुमच्यासाठी भांडले. दिराशी भांडले, जावेशी अबोला धरला. आणि तुम्ही मला कारणसुद्धा सांगत नाही. गल्लीचा राग समजू शकते, पण मी काय केलं? एवढंच असेल की आता आमच्या काठीला तुमचा हात नको, तर तसं एका ओळीत लिहायचं होतं. मी वाचायला शिकले आहे.

भावजींनी दुसऱ्या पेठेतल्या एका अत्तरवाल्यांना विचारलंय. भले गृहस्थ आहेत, सगळीकडे मान आहे. हार ते बांधतील. मी हो म्हणून सांगितलं. काठी किती दिवस थांबायची?

तुझा नवरा घरात आहे, मुलगा शेजारी आहे, म्हणून तुला गल्लीची गरज वाटत नाही. माझ्यासारखी एकटी पडलीस म्हणजे कळेल, माणसं कशाला लागतात.

अक्कम्मा

*

सोलापूर
१७ जानेवारी १९७६

खातूनबी,

कुठून सुरुवात करू ते कळत नाही, म्हणून त्या दिवसाचं झालं तसं लिहिते.

तेरा तारखेला गल्ली सडा घालून स्वच्छ केली होती. तार एकही नव्हती, भावजींनी स्वतः उंच बांबू फिरवून बघितलं होतं. दारोदार बाजरीच्या भाकरीचा वास, आणि हौदापाशी सरबताची पिंपं. मी घागर भरून दारात उभी होते. रत्नम्माने ऐनवेळी घागर माझ्या हातात दिली, म्हणाली, "अक्का, तुमीच ओता. फोटू गेला खड्ड्यात." एवढं तिने केलं.

काठी तुमच्या दाराशी थांबली. दार सकाळीच मी उघडून ठेवलं होतं. त्या अत्तरवाल्यांनी शेरवानी घातली होती. मंगळवार बाजारातून आणलेला हार होता, चांगला पांढराशुभ्र. त्यांनी बांधला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काठी पुढे गेली. तेवढ्यात हौदाकडून चांदसाब आला. डोक्यावर पाटी, तिच्यावर फडकं. गाडी टेंभुर्णीला बिघडली होती म्हणे. तो तुमच्या दारात उभा राहिला. काठी गेलेली, दारात कुणी नाही, पाटी डोक्यावर. कुणी त्याला ओळखलं नाही. दाढी वाढवली आहे त्याने.

मी ओळखलं. माझा राग गेला नव्हता. म्हटलं, "आलास? उशीर केलास की. अब्बा नाहीच आले ना?"

त्याने पाटी खाली ठेवली. म्हणाला, "अब्बा गेले की मावशी. दीड म्हैना झाला."

मी म्हटलं, "कुठं गेले?"

खातूनबी, मी त्याला असं विचारलं. वाचायला येतं म्हणवणाऱ्या बाईने.

मग त्याने सांगितलं. सव्वीस नोव्हेंबर. आणि नवरा गेल्यावर तुमच्यात चार महिने दहा दिवस बाई उंबरा ओलांडत नाही, इद्दत म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. तीस वर्षं आपली भिंतीला भिंत होती, आणि हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तुमच्याकडे मयती झाल्या तेव्हा मी येऊन बसले, भाजी-भाकरी पाठवली. पण तुझी सासू मामंजींच्या मागे किती दिवस आत होती ते कधी मोजलं नाही. वाटायचं, म्हातारी आहे, बसली असेल घरात.

घागर हातातच होती. मी ती चांदसाबच्या पायांवर ओतली. लांबून आला होता, पाय धुळीने भरले होते. तो मागे सरकला, "मावशी, काय करताय, ताबूत यायचाय." खरंच यायचा होता. रत्नम्माने धावत दुसरी घागर आणली आणि ताबुताचं पाणी तिने ओतलं. फोटोत तीच आहे.

भेट झाली. दोन्हीकडची माणसं गळ्यात पडली. दगडाचं बोलणारा तो माणूस चांदसाबला सरबत पाजत होता. साहेब खूश, भावजी खूश. गल्ली एक झाली असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. सावित्रम्मा काल मोमीनांच्या घरी विरजण मागायला गेली होती. मला हवं होतं ते सगळं झालं.

हार माझ्याकडे आहे. काठीला दोन हार लावायला वेळ नव्हता, असं भावजी म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, पण हो मीच म्हटलं होतं.

माझं पाच तारखेचं पत्र तुला मिळालं असेल. त्यातलं शेवटचं वाक्य मी रोज बघते, कागद इथे नसला तरी.

मला का सांगितलं नाहीस?

अक्कम्मा

*

वेळापूर
२ फेब्रुवारी १९७६

अक्का, सलाम.

का सांगितलं नाही, ते लिहिते.

साचे आले तेव्हा यांना उठता येत नव्हतं. चांदने खाटेशेजारी शेगडी मांडली. पाक मी केला, हे बोटाने बघून सांगत, "अजून, अजून, आता उतर." पदकाच्या साच्याची चीर यांनी मेणाने भरली. पंचवीस तारखेला शेवटची गाठ साच्यातून निघाली. मी दोरा ओवला. हार उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "खातून, मी आता जातोय. पण बातमी सोलापूरला देऊ नको. मयतीच्या घरचा हार ते काठीला लावणार नाहीत. त्यांच्यात सुतक असतं. हार लागू दे, मग सांग."

पलीकडच्या गल्लीत यांनी बघितलं होतं. घरात मयत झाली म्हणून त्या घरचा मान वर्षभर बंद ठेवला होता. तुमच्यातही तसंच असणार असं आम्ही धरलं. तुला एकटीला सांगितलं असतं, पण मग तुला दिराशी खोटं बोलावं लागलं असतं. ते तुला जमत नाही. म्हणून तुला येऊ दिलं नाही. तू दारात आली असतीस तर माझ्याकडे बघून तुला कळलंच असतं.

तुझं पाच तारखेचं पत्र मी चांदला दाखवलं नाही. त्याने वाचलं असतं तर हार सोलापूरला आला नसता. तू लिहिलंस, एकटी पडलीस म्हणजे कळेल. अक्का, कळलं.

राग नाही. पहिले दोन दिवस होता.

हार फोडून गल्लीतल्या पोरांना वाट. साखर आहे, ठेवून काय करायची, मुंग्या लागतील. आणि चांद घर विकायचं म्हणतो. तिथे सरबत प्यायला, पण रात्री परत आल्यावर म्हणाला, "अम्मी, सगळे चांगले वागले. पण आपल्या दारात मी परका वाटलो." मी हो म्हटलं. किल्ली शिवप्पाकडे दे.

खातूनबी

*

सोलापूर
१० फेब्रुवारी १९७६

खातूनबी,

आमच्यात सुतक नाही.

आम्ही लिंगायत. घरात मयत झाली तरी त्याच दिवशी लिंगपूजा होते. हे गेले तेव्हाही झाली होती, तू शेजारीच बसली होतीस. तुला वाटलं असेल, दिवा लावतात तसं काही असेल. मीही सांगितलं नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, आणि तू कशाला विचारशील. बातमी कळली असती तर काठी तुमच्या दाराशी जरा जास्त वेळ थांबली असती, एवढाच फरक पडला असता. चांदसाबच्या हाताला कुणी नाही म्हणालं नसतं. बापाचा हार घेऊन आलेल्या पोराला कोण अडवतं? राजेसाब जाता जाता ज्याची काळजी करत होते, ते आमच्यात नव्हतंच. मी हे लिहू नये असं वाटलं होतं. पण मग मीही तुझ्यापासून लपवल्यासारखं होईल.

काल हार फोडला. हौदाच्या कट्ट्यावर बसून वाटला. पोरांनी कडाकडा चावून संपवला. भावजींचा नातू म्हणाला, "आज्जी, लई ग्वाड हाय. कुणाचा हाय ह्यो?" मी सांगितलं. "कुटं असत्यात ते?" म्हणाला. मी तुमचं दार दाखवलं. तो कुलपाकडे बघत राहिला, मग आणखी एक गाठ मागितली.

पदक फोडलं नाही. मेणाची रेघ त्यावर उमटली आहे, बोट फिरवलं की लागते. डब्यात लवंगा घालून ठेवलंय, मुंग्या येत नाहीत.

पाडव्याच्या पुढे दोन-तीन दिवसांत तुझी मुदत संपेल. किल्ली शिवप्पाकडे देत नाही, मी स्वतः आणते. घर विकू नका म्हणायला येत नाही. ते म्हणायचा हक्क मी पाच तारखेला घालवून बसले. सकाळच्या गाडीने येईन, संध्याकाळच्या गाडीने परत. तुझ्या शेजारी बसेन. काही बोलणार नाही.

अक्कम्मा